पायातली सावड

माझी सून माणसांचा वास घेते. ही तक्रार आहे, कौतुक नव्हे. घरात आधी तिचं नाक येतं, मागून ती. दुधाचं पातेलं उघडलं की वास, माठात वाकून वास, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यालासुद्धा वास. प्रितमनं, माझ्या लेकानं, लग्नाआधी एवढंच सांगितलं होतं की मुलगी शिकलेली आहे, महाडला लॅबमध्ये रक्त-थुंकी तपासायच्या कामाला आहे. नाकाचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, असंही नाही.

दीप्ती तिचं नाव. महाडात वाढलेली, ‘नाय’ म्हणायचं तिथं ‘नाही’ म्हणणारी. लॅबमध्ये ती झाकणाच्या छोट्या बश्यांत जंतू वाढवते. आजाऱ्याच्या जखमेतला पू घ्यायचा, बशीतल्या थिजलेल्या थरावर फिरवायचा, बशी ऊबेत ठेवायची आणि दोन दिवसांनी काय उगवलं ते बघायचं. आम्ही भाताचं रोप करतो तसंच म्हणा. तिच्या साहेबांनी तिला दोनदा बजावलंय की बशीला नाक लावायचं नसतं, ते धोक्याचं आहे. पण झाकण उचललं की वास येतोच, म्हणते, आणि एकदा नाकाला ओळख पटली की तो कुठंही कळतो. एसटीत, बाजारात, माणसात.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. सत्तावीस घरं, वर विहार, खाली भाताची खाचरं. लावणीला आम्ही मजूर बोलवत नाही, सावड करतो. आज दहा बायका माझ्या खाचरात वाकल्या की उद्या मी बाकीच्यांबरोबर गोदूबाईच्या खाचरात वाकायचं, परवा सरिताच्या. कोणाचं खाचर कधी, कोण कुठल्या बांधाला, हे बावीस वर्षं मी ठरवते. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण सावड ठरवायला पाटी-पेन्सिल लागत नाही, तोंड लागतं, आणि ते मला भरपूर मिळालेलं आहे.

सावडीचा एक नियम माझ्या सासूच्या आधीपासूनचा आहे. सावडीत कोणी कोणाला काय दिलं ते बाहेर सांगायचं नाही. भाकरी दिली, विळा दिला, अडलेलीला दोन दिवस जास्तीचे दिले, तरी त्याचा उच्चार नाही. चांगला नियम आहे. त्यानंच माझा पाय खाल्ला.

आधी बांधावरचं सांगते. जुलैतला रविवार होता. दीप्तीला सुट्टी, म्हणून ती आमची दुपारची भाकरी घेऊन खाचराशी आली. आम्ही दहाजणी गुडघाभर चिखलातून निघून बांधावर बसलेल्या. ती एकेकीच्या हातावर भाकरी ठेवत चालली. गोदूबाईपाशी आली आणि वाकली ती वाकलेलीच राहिली. मला वाटलं, भाकरी पडली. तर ही तिच्या कानाशी नाक नेऊन म्हणते, गोदूआत्या, तुमचा कान फुटलाय का, वास येतोय.

गोदूबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अख्ख्या वाडीची बाळंतपणं केलेली बाई. तिनं पदर कानावर ओढला आणि भाकरीकडे बघत बसली. बाकीच्या आठजणी चिखलाकडे बघायला लागल्या.

मी दीप्तीला तिथंच सोलून काढलं. माणसं हायत ही, तुझ्या बश्या नायत, म्हटलं. वाडीत पुन्हा कोणाच्या अंगाचा वास घेतलास तर तुझं नाक तुझ्या माहेरी पाठवीन. ती लाल झाली, टोपलीतलं फडकं घडी करून परत टोपलीत ठेवलं आणि गेली. त्या दिवसापासून घरात वासाचा एक शब्द नाही. पातेलं उघडलं तरी तोंड बाजूला. मला वाटलं, चला, एकदाच बोलले पण लागू पडलं.

आता पायाचं.

मे महिन्यात आम्ही बायका सवला गेलो होतो, गरम पाण्याच्या कुंडावर. गुडघे दुखतात म्हणून दरवर्षी जातो. तिथं पाय सोडून बसायची आमच्यात शर्यत लागते. पाणी असं कढत की सरितानं बोटं बुडवून लगेच काढली, गोदूबाईनं दहापर्यंत मोजलं. मी उजवा पाय घोट्यापर्यंत सोडला आणि पान लावत बसले. बायका म्हणाल्या, ललिताकाकीचा पाय कशाचा गो. मी म्हटलं, तुमच्यासारखा लोण्याचा नाय. खरं सांगायचं तर मला कढत लागतच नव्हतं. आठ वर्षं अंगात साखर आहे, गोळी आठवली तर घेते. पायाला मुंग्या यायच्या त्याही वर्षभरात बंद झाल्या होत्या. मला वाटलं होतं, बरा झाला. तो बरा झाला नव्हता, मुका झाला होता.

घरी आल्यावर बघते तर करंगळी आणि शेजारच्या बोटाखाली सुपारीएवढा फोड. फुटला, सुकला, वर कातडी धरली. त्याच पायानं जूनमध्ये चिखलात उतरले आणि जुलैअखेर वर आले, तेव्हा कातडीला भोक पडलं होतं. वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं म्हणून मी त्याला जखम म्हटलं नाही. मालकांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून बांधत होते आणि कुंपणावर वाळत घालत होते. मालकांना जाऊन नऊ वर्षं झाली, धोतर अजून उपयोगाला येतंय.

घरात कोणाला सांगितलं नाही. पण सावडीतल्या बायकांपासून पाय लपत नाही, त्या चिखलात उमटलेल्या पावलावरून ओळखतात. चौथ्या दिवशी गोदूबाई पदराच्या गाठीतून पाच गोळ्या घेऊन आली. तिच्या कानासाठी डॉक्टरांनी दिलेल्या, कान थांबला म्हणून उरलेल्या. सरितानं दाढेच्या उरलेल्या चार दिल्या. कोणी मुलाच्या खोकल्यातल्या, कोणी नवऱ्याच्या गळवातल्या. सात घरांतून गोळ्या आल्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या पिवळ्या अर्ध्या लाल. मी त्या माझ्या चंचीत ठेवल्या, सुपारी आणि कातरीच्या शेजारी, आणि पान खाऊन झालं की रोज एक, हाताला येईल ती. सावडीच्या चिखलात कोणाचा विळा आणि कोणाच्या रोपांची जुडी हे आम्ही बघत नाही, मग गोळीचं काय बघायचं.

आठ दिवसांत पू कमी झाला. भोकाचं तोंड आवळलं. मी मनात म्हटलं, सात घरांनी हात लावलाय, काय बिशाद आहे दुखण्याची.

मग श्रावण लागला आणि आमची मांजर माझा पाय सोडीना.

दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत बसायचे. मांजर यायची आणि उजव्या पायाशी बसायची. डाव्याशी नाही. हाकलली तरी परत. एकदा शेजारीण बोलत उभी होती, मी तिच्याशी चांगला अर्धा तास बोलले. ती म्हणाली, काकी, मांजर किती लळा लावून बसलीय बघा. मी खाली बघितलं. पट्टी सुटून पडली होती आणि मांजर बोटांच्या मधून जीभ फिरवत होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पायानं मला काहीच सांगितलं नव्हतं. माझाच पाय, माझ्याच सुपाशेजारी ठेवलेला, आणि त्याचं तिकडं काय चाललंय याची खबर मला शेजारणीकडून.

त्याच आठवड्यात एका सकाळी दीप्ती आम्हाला वाढत होती. डाळीचा डाव हातात तसाच राहिला. ती म्हणाली, आई, घरात कोणी द्राक्षं आणलीत का?

प्रितम हसला. श्रावणात द्राक्षं कुठली, तुझ्या माहेरून येणार असतील, म्हणाला. मलाही काही वास नव्हता. पण मी चाळीस वर्षं मशेरी लावलेली, माझ्या नाकाला मशेरीपलीकडचं काही कळत नाही. दीप्तीनं खिडकीकडे बघितलं, फळीकडे बघितलं, मग जमिनीकडे. तिची नजर सरपटत माझ्या पाटापर्यंत आली. मी पाय लुगड्याखाली घेतला. तिनं डाव पातेल्यात ठेवला आणि पुढं काही विचारलं नाही. त्या दिवसानंतर ती माझ्याशेजारी जेवायला बसली की घास घाईघाईनं खायची, मध्येच उठून मोरीशी जायची, मोठा श्वास घ्यायची आणि परत येऊन बसायची. मला वाटलं, हिला दिवस गेले.

दिवस गेले नव्हते. बारा दिवसांनी तिनं कुंपणावरची पट्टी बघितली. धोतराच्या पांढऱ्या पट्टीवर हिरवा-निळा डाग होता, मोरचूद सांडावा तसा. धुतला तरी गेला नव्हता. तिनं ती पट्टी चिमट्यानं पिशवीत घातली आणि ओरडत घरात आली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते. आधी प्रितमला बाहेर बोलावलं. मग दोघांनी मला गाडीत घातलं.

महाडला तिच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर चारुशीला मॅडम बसतात. कातडीच्या डॉक्टर. आवाज हळू, पण हात पक्का. त्यांनी जखमेत सळई घातली, ती बोटभर आत गेली आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मॅडमनी दीप्तीकडे बघितलं, दीप्तीनं मॅडमकडे. जखमेच्या तळातला एक तुकडा कापून दीप्तीच्या हाती गेला. मग मॅडमनी विचारलं, आजी, याआधी कुठल्या गोळ्या घेतल्यात?

सात घरं माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. सावडीत दिलेलं बाहेर सांगायचं नाही. शिवाय बावीस वर्षं वाडीला शहाणपण शिकवणारी बाई दुसऱ्याच्या दाढेच्या गोळ्या खाते, हे सुनेसमोर कबूल करायचं.

गोळीला शिवले नाय, म्हटलं.

त्यांनी दोन मोठ्या गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक अर्धी पिवळी अर्धी लाल. चंचीत तसल्याच तीन उरल्या होत्या. मी चंची कमरेला आणखी घट्ट खोचली.

सातव्या दिवशी सकाळी मी पडवीत बसून पट्टी बदलत होते. अंगठा बोटांच्या वर, पावलाच्या पाठीवर टेकला आणि कातडीखाली काहीतरी करकरलं. कोंड्याच्या ढिगावर पाय पडल्यावर येतो तसा आवाज. पुन्हा दाबलं. पुन्हा आला. आवाज कानाला आला की बोटाला कळला ते समजेना. पावलाला तर काहीच कळत नव्हतं. मी दाबत राहिले. एखाद्या बंद घराच्या भिंतीला कान लावावा आणि आत माणसं बारीक आवाजात बोलतायत असं वाटावं, तसं ते होतं. घोट्यापर्यंत लाली चढली होती आणि ऊन असूनही मला थंडी वाजत होती.

दुपारी दोनला आम्ही मॅडमकडे. मॅडमनी घोट्यावर पेनानं रेघ मारली, लाली कुठवर आहे ती. प्रितमला बाजूला घेऊन सांगितलं, ते मला ऐकू आलं. कान चांगले आहेत माझे. सर्जनला फोन झालाय, आजच कापायचंय. औषध लागू पडलं तर दोन बोटं जातील. नाही पडलं तर गुडघ्याखाली पाय जाईल, आणि औषध का लागू पडत नाही ते कळेना झालंय.

मी बांधावर उभी असलेली मला दिसले. कुबडी चिखलात रुतलेली.

दीप्ती खालून तीन बश्या घेऊन आली. मॅडमना म्हणाली, आईंना एकदा दाखवते. मॅडमनी पडदे ओढले. भर दुपारी खोली काळी केली आणि एक छोटा दिवा लावला, जांभळ्या उजेडाचा. अंगावरचे डाग बघायला असतो म्हणे. त्या उजेडात सगळ्यांचे दात चमकायला लागले. प्रितमचे दात, दीप्तीचे दात, तोंडं नाहीत.

दीप्तीनं दिवा बश्यांवर धरला. पहिलीत गव्हाच्या रंगाचे ठिपके, त्यांना दिव्याचं काही नाही. दुसरी पेटली. हिरवी, काजव्यासारखी, पण न विझणारी. तिसरीत मातकट काळे थेंब होते, ते विटेसारखे लाल झाले.

“हे तिघं तुमच्या पायातले, आई,” ती म्हणाली. “हा सोनेरी सगळ्यांच्या कातडीवर असतो, माझ्याही. फोड फुटला तेव्हा हा आधी आत गेला. हिरवा मागून आला. तो बुळबुळीत थर घालतो, छपरासारखा. आणि खालची सगळी हवा खाऊन टाकतो. हा काळा हवेत मरतो. एकटा तुमच्या पायात एक दिवस जगला नसता. पण छपराखाली हवा उरली नाही, म्हणून तो तळाला राहायला आला. तो मांस सडवतो, ते बाकीचे खातात.”

मग तिनं दिवा माझ्या पायाकडे वळवला.

कशेडी घाटातून तिन्हीसांजेला खाली बघितलं की दरीतली गावं दिसतात. आधी एक दिवा, मग चार, मग अख्खी वाडी उजळते. तसा माझा पाय उजळला होता. भोकाच्या कडेनं हिरवं, आत खोल लाल. दोन बोटांच्या मधल्या फटीत, मांजर चाटत होती तिथं, लाल ठिपक्यांची एक ओळ वरच्या बाजूला चाललेली. पेनाच्या रेघेच्या दिशेनं. मला न विचारता माझ्यात वस्ती झाली होती, घरं बांधून झाली होती, दिवे लागले होते.

माझ्या तोंडून निघालं, “सावड केलीय मेल्यांनी.”

“हो,” दीप्ती म्हणाली. “तसंच.”

पडदे उघडल्यावर तिनं आणखी एक बशी दाखवली. त्यात कागदाच्या छोट्या टिकल्या ठेवल्या होत्या, प्रत्येक टिकलीत औषध मुरवलेलं. ही बशी तिनं साहेबांना न सांगता, आपल्या मनानं लावली होती. एका अर्ध्यात काळा एकटा पेरला होता. तिथं औषधाच्या टिकलीभोवती रुपयाएवढी जागा स्वच्छ होती, काळा तिथवर येऊच शकला नव्हता. दुसऱ्या अर्ध्यात काळा आणि सोनेरी मिसळून पेरले होते. तिथं तीच टिकली, तेच औषध, आणि काळा टिकलीच्या कडेला टेकून उगवला होता.

काळ्यानं औषध पचवलं नव्हतं. सोनेरी औषध खाऊन टाकत होता आणि काळा त्याच्या आडोशाला बसला होता. औषध अर्धवट पोटात गेलं की मऊ असतात ते जंतू मरतात, म्हणाली, आणि औषध खाणारे तेवढे उरतात. मग त्यांच्या शेजारी जो राहील तोही वाचतो. असा जंतू गोळी न घेतलेल्या माणसातही सापडतो, म्हणून माझ्यावर संशय असूनही ती मॅडमपुढं काही बोलली नव्हती. पण हिरव्यावरही नेहमीचं औषध चालत नव्हतं. आता अंदाजानं दुसरं औषध द्यायचं तर आधी पोटात काय काय गेलंय ते कळायला हवं होतं. सगळं करून बघायला वेळ नव्हता. लाली मॅडमच्या रेघेवर बोटभर चढली होती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात.

“आई,” ती म्हणाली, “कुठल्या गोळ्या?”

मी प्रितमला बाहेर जायला सांगितलं. तो गेला. मग मी कमरेची चंची सोडली आणि मॅडमच्या पांढऱ्या टेबलावर उलटी केली. सुपारी घरंगळत गेली, कातर पडली, आणि मागून गोळ्या. कातरलेल्या पाकिटांचे तुकडे, एकेक दोन दोनचे. मी बोट ठेवत गेले. ही गोदूबाईच्या कानाची. ही सरिताच्या दाढेची. ही खोकल्याची, ही गळवाची. बावीस वर्षांत सावडीतलं एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं, ते सगळं मी एका दमात त्या टेबलावर ओकले. दीप्ती पाकिटांवरची नावं वाचत होती, मॅडम लिहून घेत होत्या. अर्धी पिवळी अर्धी लाल आली तेव्हा मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी त्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

औषध बदललं. तीन वेगळी, सलाइनमधून. संध्याकाळी सर्जननं दोन बोटं आणि पावलाच्या कडेची फाक काढली. पाय राहिला.

तिसऱ्या दिवशी दीप्ती खाटेशी बसून मोसंबं सोलत होती. खाली मान घालून म्हणाली, द्राक्षांचं विचारलं त्याच सकाळी तिला कळलं होतं. तो हिरव्याचा वास. पिकून उतू गेलेल्या द्राक्षांसारखा येतो, लॅबमध्ये रोज येतो. बारा दिवस ती माझ्याशेजारी श्वास कोंडून जेवत होती, कारण मी वासाचं बोलायचं नाही म्हणून नऊजणींसमोर सांगितलं होतं. पट्टी दिसली तेव्हा बोलली, कारण पट्टी डोळ्यांनी दिसते.

मी मोसंब्याची फोड तोंडात टाकली.

तिला त्याचं उत्तर मी आता भादव्यात देते आहे.

घरी येऊन मला अठरा दिवस झाले. मशेरी बंद, मॅडमची सक्त ताकीद. रोज संध्याकाळी लॅबमधून आली की दीप्ती पट्टी सोडते. आणि बघते तर काय, नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधून. पाय डोळ्यांनी तपासते, वासाला भिते. मी रोज बघते आणि चिडते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, गेलेल्या दोन बोटांत कोणीतरी अजून कुजबुजतंय. जी बोटं जिवंतपणी मुकी होती ती तोडल्यावर बोलतात, हे एक नवीनच.

आज दुपारी वाडीतल्या बायका मला बघायला आल्या. भात पोटरीला आलंय, कापणीची सावड कधी धरायची ते विचारायला. म्हणजे माझी जागा अजून माझीच आहे. गोळ्यांचं मी त्यांना सांगितलं होतं, घरी आल्या दिवशीच, सात घरांची नावं घेऊन. दोघी रुसल्या आहेत. रुसू देत. गोदूबाई रुसली नाही. ती ओटीवर माझ्याशेजारी अंग टेकून बसली. कानावरून पदर, बांधावर ओढला होता तसाच. एवढे दिवस मी तो बघितला होता आणि मला लाजेचा वाटला होता.

सरितानं काहीतरी थट्टा केली. गोदूबाई हसली, आणि हसताना माझ्याकडे कलंडली.

मला द्राक्षांचा वास आला.

गोड, जड, उतू गेलेला. आधी वाटलं माझ्याच पायाचा. मी खाली वाकून बघितलं, पट्टी कोरडी, पांढरी. पायाकडे नाक नेलं की वास कमी व्हायचा, वर आलं की वाढायचा. वाडीत द्राक्ष नाही, पोलादपूरच्या बाजारात द्राक्ष नाही. मी गोदूबाईच्या तोंडाकडे बघितलं. ती अजून हसत होती, पण डाव्या बाजूनंच. उजवा गाल जागेवर बसून होता, त्या बाजूचा ओठ वर चढत नव्हता आणि तो डोळा मिटत नव्हता. उजव्याच कानावर पदर. साखर तिलाही आहे, माझ्याहून जुनी. कान थांबला म्हणून उरलेल्या पाच गोळ्या तिनं मला दिल्या होत्या.

बाकीच्या हसत होत्या. कोणाला काही दिसलं नव्हतं, दिसलं असलं तरी बोलायची पद्धत नाही आमच्यात.

मी दाराकडे बघितलं. दीप्ती उंबऱ्यात उभी होती, चहाचा ट्रे हातात, ओढणी नाकावर. मान वळवून अंगणाकडे बघत होती आणि तिची छाती हलत नव्हती. ती श्वास धरून उभी होती. गोदूबाई आली की दीप्ती किती दिवस अशी उभी राहत असेल, ते मला एकदम कळलं.

मी काठी टेकून उठले. चहा सांडला तरी चालेल, ट्रे खाली ठेव, म्हटलं. प्रितमला हाक मारली, गाडी काढायला सांगितली, महाडला जायचंय, गोदूआत्याला घेऊन, आत्ताच. मग सगळ्या बायकांसमोर, बांधावर होत्या त्याच नऊजणींसमोर, मी माझ्या सुनेला सांगितलं:

“दीप्ती, ती ओढणी सोड. बांधावर तू हिच्या कानाचा वास घेतलास, त्यात तुझं काय चुकलं नाय, चुकलं माझं. पण मी एकदा ओरडले आणि तू गप बसलीस गो, अजून गपच हायस, ते तुझं चुकलं, आणि ते मी माफ करणार नाय. सासूला इतकी भिणार असशील तर उद्यापासून लॅबला जाऊ नको, घरात भाकऱ्या थाप. नायतर ये हिकडं, हिच्या कानाशी बस, नाक लाव, आणि काय वास येतो ते खालच्या खाचरापर्यंत ऐकू जाईल असं सांग.”